दारावरची टकटक

साक्रीहून सुमनचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर पापड वाळत घालत होते. फोन शेजारच्यांकडे आलेला, म्हणून धावतच गेले. “बाई, आपल्या कुमुदताई गेल्या...” एवढंच ती बोलली, आणि मग एसटीडी बूथबाहेरचा गोंगाट तेवढा ऐकू येत राहिला. डॉ. कुमुदताई म्हणजे जळगावच्या लहान मुलांच्या डॉक्टर. त्यांना जाऊन आता महिना होत आला. आमची गाठ पडली ती सुमनमुळे, आणि खरं सांगायचं तर माझ्या चुकीमुळे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी धरणगावच्या शाळेत तिसरीला शिकवत होते. सुमन आठ वर्षांची. तिची आई नवऱ्याचं घर सोडून तिला घेऊन भावाकडे राहायला आली होती. पोरगी वर्गात एक अक्षर बोलायची नाही. पाढा आज गिरवला तर उद्या साफ पुसलेला. माझा स्वभाव तापट. टेबलावर लाकडी पट्टी आपटल्याशिवाय माझा तास सुरूच होत नसे. पट्टी आपटली की वर्ग चिडीचूप आणि सुमन भिंतीला चिकटलेली. मठ्ठ आहे, असं ठरवून मी तिला मागच्या बाकावर बसवलं. शेवटी तिचे मामा शाळेत आले. “नाव काढी टाका, बाई. तिना डोकामा काही शिरत नई. कापूस येचाले जाई.” मी लगेच हो म्हटलं नाही, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल. पोरीला बोललेलं नीट ऐकू येत नसेल अशी शंका होती. तेवढं दाखवून येऊ, म्हणून मायलेकींना घेऊन जळगाव गाठलं.

दवाखान्यात आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. थोड्या वेळाने अर्धवट उघड्या दारावर हलकेच दोनदा टकटक झाली. बघते तर डॉक्टरच उंबऱ्यात उभ्या, स्वतःच्याच खोलीबाहेर! मी “या की” म्हटलं, तरी त्या सुमनकडे बघत थांबून राहिल्या. सुमनने हळूच मान हलवली, तेव्हा कुठे आत आल्या आणि सरळ तिच्यासमोर फरशीवर बसल्या. “आता हे छातीला लावते हं, गार लागेल,” असं आधी सांगायचं आणि मगच हात पुढे करायचा, अशी त्यांची रीत. कोणी जवळ आलं की अंग चोरणारी ती पोर तिथे शांत बसून राहिली.

कान ठणठणीत होते. सुमनला खेळणी देऊन बाहेर बसवल्यावर डॉक्टरांनी घरचं विचारलं. आईने मान खाली घातली. “तिना बाप दारू पिसन दार ठोके, ताई. पोर मना मांगे दपी जाये.” दार ठोकलं की आईमागे लपणारी पोर, आणि मी रोज तिच्यासमोर पट्टी आपटत होते.

“बाई, या वयात मेंदू घडत असतो,” कुमुदताई मला म्हणाल्या. “रोज भीती वाट्याला आली की तो आधी पावलांचा कानोसा घ्यायला शिकतो. पाढे मागे राहतात. मठ्ठ नाही हो ती. तिचं डोकं दिवसभर पहाऱ्यावर आहे.”

“मग आता?”

“अजून घडतोय ना, तेच आपलं नशीब. रोज तेच माणूस, तीच वेळ, आणि काय होणार ते आधी सांगायचं. किती दिवस लागतील, मला सांगता येणार नाही.”

मग त्यांनी औषधाची चिठ्ठी लिहिली. वर पेशंटच्या जागी माझं नाव! खाली लिहिलं होतं, ‘पट्टी बंद. सुमनला दार दिसेल असं पुढे बसवणे. वर्गात शिरताना टकटक करणे.’ माझा पारा चढला. इतकी वर्षं शिकवतेय, मी माझ्याच वर्गाचं दार वाजवू? डॉक्टर हसल्या. “मी वाजवतेच की!”

पुढच्या रविवारी त्या स्वतः धरणगावला आल्या, मामांच्या ओट्यावर बसून चहा प्यायल्या आणि वार्षिक परीक्षेपर्यंतची मुदत मागून घेतली. सुमनची आई तिला दर पंधरवड्याला त्यांच्याकडे न्यायची. त्या तिच्याबरोबर मातीची भांडी करत बसायच्या, प्रश्न म्हणून विचारायच्या नाहीत. इकडे मी दार वाजवायला लागले. पहिले आठ दिवस पोरं खुसखुसली, मुख्याध्यापकांनी तर “बाई, पाहुण्या कधीपासून झालात?” म्हणून चिडवलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मला वाटे, कशाला हा खुळेपणा... आणि एका सकाळी टकटक केली तर आतून बारीक आवाज आला, “या, बाई.” सुमनचा आवाज! मला उंबरा ओलांडवेना. गणितात ती काठावर पास झाली आणि मामांनी नाव काढायची गोष्ट पुन्हा काढली नाही.

कुमुदताईंचे आभार मानायला गेले तर म्हणाल्या, “दार तर तुम्ही वाजवलंत.” सगळीच मुलं अशी बाहेर येत नाहीत, हेही त्यांनी लपवलं नाही. तरी प्रत्येक मुलासाठी त्या तितकाच वेळ दारात उभ्या राहायच्या. एवढ्या मनाचं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

सुमन आता साक्रीजवळच्या एका गावात शिक्षिका आहे. गेल्या आठवड्यात ती आली आणि आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. कंपाउंडरने बाहेरचं कुलूप काढून दिलं. आतल्या खोलीचं दार नुसतंच लोटलेलं होतं. सुमन पुढे झाली, दोनदा टकटक केली आणि थांबली. आत कोणी नाही, हे दोघींनाही माहीत होतं. तरी ती दार ढकलेना, आणि मलाही तिला ‘उघड’ म्हणवेना. शेवटी आतून यायला हवा होता तो शब्द मीच म्हटला, “ये, सुमन.”