चौकोनी गोळी

क्लेमंट लार्टर आयुष्यात एकदाही विमानात बसला नाही. त्याची बायको पॉलीन दर वर्षी स्पेनला जायची ती बहिणीला घेऊन. क्लेम इंग्लंडातल्या आमच्या नॉर्फकमध्येच राहायचा आणि गॅरेजचं छप्पर नीट करायचा. तीन पायऱ्यांच्या शिडीवर चढला तरी तो खाली बघायचा नाही. पण पत्रा त्याला कळायचा. बसच्या बॉडी बांधायच्या कारखान्यात चोवीस वर्षं काढलेला माणूस तो. पत्र्यावरून अंगठा फिरवून तो कुठे दबलाय, कुठे ताणलाय, हे डोळे मिटून सांगायचा. असल्या माणसाला आमच्या मंडळात खरं म्हणजे जागाच नव्हती. आमच्याकडे बाकी सगळे तज्ज्ञ होते.

मंडळ म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं एक ब्लेनहाइम बॉम्बर पुन्हा उभं करणारे आम्ही तेवीस जण. जुन्या धावपट्टीच्या कडेला आमची शेड. लढाई संपल्यावर त्या शेडमध्ये टर्की पाळायचे. ओल धरली की अजून वास येतो. टर्की गेल्या आणि आम्ही आलो. कलकलाटात फार फरक पडला नाही असं गावात म्हणतात, आणि मला ते खोडून काढता येत नाही.

अध्यक्ष होता रॉडरिक हॉल्सी. हवाई दलात याने सहा वर्षं काढली ती भांडारात, पायमोजे वाटत. पण जून महिन्यात मेंढीच्या कातड्याची कॉलर लावलेलं जाकीट घालून असा चालायचा, की आत्ताच कुणाला तरी आकाशातून पाडून आलाय. हाताला ग्रीस लागलेलं मी त्याच्या कधी पाहिलं नाही. सकाळी अकराचा चहा झाला की तो पाहुण्यांना घेऊन फिरायचा आणि "नव्वद टक्के मूळ, बरं का!" असं छातीठोकपणे सांगायचा.

हे धडधडीत खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे विमानालाच बांधलेलं होतं. आमच्या शेडचा रिवाज असा, की प्रत्येक भागाला दोऱ्याने चिठ्ठी बांधायची. मूळ भागाला हिरवी, दुरुस्त केलेल्याला पिवळी, नव्याने बनवलेल्याला लाल. चिठ्ठ्या क्लेम लिहायचा, मोठ्या अक्षरांत, शाळेतल्या पोरासारखी जीभ बाहेर काढून. एक खिळा जरी नवा असला तरी लाल. पंख लाल, शेपूट लाल, पोट बहुतेक लाल. पाहुणे यायच्या दिवशी हॉल्सी त्या लाल चिठ्ठ्या हळूच आतल्या बाजूला वळवून ठेवायचा. पाहुणे गेले की क्लेम त्या पुन्हा बाहेर काढायचा.

अख्ख्या विमानात एकाच चिठ्ठीवर क्लेमचं अक्षर नव्हतं. मागे बसून बंदूक चालवणाऱ्या गोलंदाजाच्या बैठकीशेजारचा तो पत्रा. हिरवी चिठ्ठी, आणि त्यावर हॉल्सीचं वळणदार अक्षर: मूळ. शत्रूच्या गोळीचं छिद्र.

ते छिद्र पडलं तेव्हा मी तिथे होतो. सप्टेंबर १९८८. खाडीच्या दलदलीतून आम्ही विमान उकरत होतो. मी पाणी उपसायच्या पंपावर, क्लेम खड्ड्यात, हातात कुदळ. विमान चिखलात सत्तेचाळीस वर्षं पडलेलं. त्यातले तिघे केव्हाच सापडले होते, दोन मेलेले आणि एक जिवंत, त्यामुळे आमच्यासाठी उरला होता तो फक्त पत्रा. क्लेमने कुदळ हाणली आणि कचकन आवाज झाला.

"मेलो! फोडला मी," क्लेम म्हणाला.

वर फळीवर उभा असलेला हॉल्सी ओरडला, "थांबा! कुणी हात लावू नका! गोळी! गोळी आहे ती!" आणि तो चक्क चिखलात गुडघ्यांवर बसला. त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं त्याच्या अंगाला काहीतरी लागलेलं मी पाहिलं.

"मिस्टर हॉल्सी, ते मी आत्ता..."

"शू! टोपी काढ, लार्टर."

आणि क्लेमने टोपी काढली. तिथेच सगळं घसरलं. दुपारपर्यंत वर्तमानपत्राचा फोटोवाला आला, आणि आठवड्याभरात मेलेल्या गोलंदाजाची मुलगी.

त्या छिद्राकडे नुसतं बघितलं असतं तरी पुरे होतं. सगळा पत्रा गंजून पांढरा भुसभुशीत झालेला, आणि छिद्राच्या कडा आरशासारख्या लख्ख. वर ते छिद्र चौकोनी. जर्मनांनी चौकोनी गोळ्या कधी काढल्या देव जाणे! पण पुढच्या अठ्ठावीस वर्षांत जे जे जाणकार आले, त्यांनी माना डोलावल्या. एकाने पट्टी लावून बंदूक कुठली ते ठरवलं. दुसऱ्याने मासिकात चार पानं लिहून सिद्ध केलं, की लढाऊ विमान डावीकडून, खालच्या अंगाने आलं होतं. त्याने बाणही काढले होते. मी तो लेख क्लेमला वाचून दाखवला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "डावीकडून बरोबर आहे. मी डावखुरा."

मुलीचं नाव बेरिल गॉट्स. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म घालवलेली बाई, दंडाने भरलेली, कमी बोलणारी. तिचा बाप सार्जंट सिडनी प्लॅटन मेला तेव्हा ती वर्षाचीही नव्हती. पहिल्याच दिवशी हॉल्सीने तिचा हात हातात घेतला, तिचं बोट त्या छिद्रात घातलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मिसेस गॉट्स, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. एका क्षणात." आम्ही टोप्या काढून रांगेत उभे. त्यानंतर दर ऑगस्टमध्ये, बाप गेला त्या तारखेला, ती घरचे सॉसेज रोल घेऊन यायची, आणि दर ऑगस्टमध्ये हॉल्सी तिचं बोट त्या छिद्रात घालायचा.

मी एकदा क्लेमला छेडलं. "अरे, सांगून टाक की तिला."

"काय सांगू, रेग? तिला वाटतंय बाप चटकन गेला. चटकन नाही, ते भोक माझ्या कुदळीने पडलं असं सांगू? मग ती विचारेल, तर तो मेला कसा? आणि ते आहे का आपल्याला ठाऊक?"

ठाऊक नव्हतं. ब्लेनहाइमच्या चाकात हवा किती भरायची हे आमच्यातल्या प्रत्येकाला तोंडपाठ होतं.

अशी अठ्ठावीस वर्षं गेली. क्लेमला मी दोष देत नाही, पण त्याची आरतीही ओवाळणार नाही. गप्प बसणं त्याला जमलं, कारण गप्प बसायला काही करावं लागत नाही. अडलं ते सहीवर.

विमान पुरं झालं आणि उद्घाटनाचा शनिवार ठरला. वरच्या कुठल्याशा कचेरीने कळवलं, की भागांच्या नोंदवहीवर पत्र्याचं काम करणाऱ्याची सही हवी, पानोपान. मंगळवारी अकराच्या चहाला हॉल्सीने वही क्लेमपुढे ठेवली. शेजारी कागदात गुंडाळलेली पितळी पाटी. पाटीवर 'शत्रूच्या गोळीने याच जागी' वगैरे कोरलेलं. ती पाटी शनिवारी बेरिलच्या हातून उघडायची होती.

क्लेमने एकशे चार पानांवर सह्या केल्या. एकशे पाचव्यावर पेन खाली ठेवलं.

"हे पान सोडून, मिस्टर हॉल्सी."

"का बुवा?"

"ती कुदळ आहे. माझी."

शेडमध्ये कुणीतरी बिस्किटाचा डबा बंद करत होतं, ते थांबलं. हॉल्सी आधी हसला, मग तांबडा झाला. "कुदळ! अठ्ठावीस वर्षांनी आठवली होय तुला कुदळ? आणि त्या बिचारीचं काय? तिला काय सांगणार आहेस? तुझ्या सच्चेपणापायी तिचा बाप दुसऱ्यांदा मारशील तू!"

"तिच्यापायीच गप्प बसलो. पण खोट्यावर सही मी करत नाही."

"रेग!" हॉल्सी माझ्याकडे वळला. "तू होतास ना तिथे? काय पाहिलंस?"

आता इथे मला स्वतःबद्दल बरं काही लिहिता आलं असतं तर लिहिलं असतं. मी म्हणालो, "मी पंपाकडे बघत होतो."

क्लेमने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो म्हणाला, "गुरुवारी मिसेस गॉट्स पाटी बघायला यायच्यात ना? मीच सांगतो." त्या दोन दिवसांत त्याने काही खाल्लं नाही, असं पॉलीनने मला नंतर सांगितलं. तो रात्रंदिवस एकच घोकत होता, की त्या म्हातारीकडे बापाबद्दलची एवढी एकच सुखाची गोष्ट आहे आणि ती मी काढून घेणार.

गुरुवारी बेरिल आली. शहात्तर वर्षांची, निळा कोट, हातात पर्स. हॉल्सी सवयीने तिचं बोट धरायला पुढे झाला, पण क्लेम मध्ये उभा राहिला. बाकीचे आम्ही इंजिनाआड कामात असल्याचं सोंग करत कान टवकारून होतो.

"मिसेस गॉट्स," क्लेम म्हणाला. त्याने छिद्राच्या कडेवरून अंगठा फिरवला. "मिसेस गॉट्स, ती गोळी नाही. विमान उकरताना माझ्या हातून कुदळ लागली. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मला माफ करा."

बेरिलने चष्मा लावला, छिद्राकडे वाकून पाहिलं आणि म्हणाली, "कुदळ होय? मला फावडं वाटलं होतं."

कुणाच्या तरी हातातला पाना खाली पडला.

"म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?" हॉल्सी म्हणाला.

"जगला तो तिसरा, त्याने आईला दवाखान्यातून पत्र लिहिलं होतं. गोळीबिळी काही नाही. इंजिन बंद पडून खाडीत उतरले. बाबा तर धडधाकट होते, सगळ्यांत आधी बाहेर आले. या पत्रवाल्याचा हात मोडलेला, याला ओढून काठाकडे लावून दिलं. पायलटचा पाय अडकला होता म्हणून ते परत गेले. भरती चढत होती. पायलटची हनुवटी वर धरून उभे राहिले. सकाळी ओहोटीला सापडले तेव्हा बाबांचा हात पायलटच्या पट्ट्यातच होता." तिने हे सगळं बाजारची यादी सांगावी तसं सांगितलं.

"पण तुम्ही दर वर्षी येऊन बोट..."

"मी कुठे घातलं, मिस्टर हॉल्सी? तुम्ही धरून घालत होतात."

"मग बोलला का नाहीत?" हे मात्र क्लेमने विचारलं, अगदी हळू.

"पहिल्या दिवशी तुम्ही एवढे पुरुष टोप्या काढून उभे, काहींच्या तर डोळ्यांत पाणी. किती खूश होतात त्या भोकावर! कसं मोडू तुमचं मन? घरी जाऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, असू दे गं. कुठल्या तरी एका गावात तो चटकन गेला असू दे. पुढच्या वर्षी सांगावं म्हटलं, तर तुमचा तो बाणवाला लेख आला." तिने पर्स बंद केली. "आणि तुम्ही कुणी मला कधी विचारलं नाहीत."

इतिहास जपणारे म्हणे आम्ही! चिखलातून एकेक खिळा धुऊन काढला, चिठ्ठ्या बांधल्या, जुन्या रंगाची बरोबर छटा कुठली यावरून दोघांनी एकमेकांशी चार वर्षं बोलणं टाकलं. आणि ज्या माणसाच्या नावाने टोप्या काढायचो, तो कसा मेला ते त्याची मुलगी सॉसेज रोल वाढत आमच्यापुढे उभी होती, तरी तिला विचारायचं सुचलं नाही. म्हातारी अठ्ठावीस वर्षं आमचं सांत्वन करायला येत होती.

"हे बुजवता येतं का?" बेरिलने क्लेमला विचारलं.

"दुपारच्या आत."

"पण शनिवारी पाटी..." हॉल्सी पुटपुटला. मग तो पाटी काखेत मारून गाडीत जाऊन बसला.

क्लेमने ठिगळ कापलं, कडा घासल्या, बारा भोकं पाडली. रिव्हेट ठोकायला दोन माणसं लागतात. एक बाहेरून ठोकतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा घट्ट दाबून धरतो. मी पुढे झालो. त्या मंगळवारनंतर निदान एवढं तरी करावं म्हणून. बेरिलने कोट काढून माझ्याच हातात दिला. "आत मी बसते," म्हणाली.

दोघांनी धरून तिला वरच्या झडपेतून आत उतरवलं. ती बापाच्या जागी बसली. कसा ठोकळा धरायचा ते क्लेमने बाहेरून ओरडून सांगितलं, आणि त्या बाईने पहिल्याच रिव्हेटला तो असा धरला की क्लेमने माझ्याकडे बघून मान डोलावली. एक, दोन, तीन. प्रत्येक वेळी क्लेम विचारायचा "तयार?" आणि आतून यायचं "तयार."

सातव्याला उत्तर आलं नाही.

"मिसेस गॉट्स? बरं आहे ना?"

क्लेम हातोडी धरून तसाच उभा.

"मिस्टर लार्टर," आतून आवाज आला, "इथून बाहेर पडायची झडप अगदी हाताशी आहे हो. नुसता हात वर केला की झालं."

"हो," क्लेम म्हणाला. "अगदी हाताशी."

"बाहेर पडल्यावर काठ कितीसा लांब होता?"

ती जागा आम्हीच मोजली होती. क्लेमला आकडा पाठ होता, मलाही होता.

"चाळीस पावलं," क्लेम म्हणाला.

आत ती रडत होती, ते आम्हाला पत्र्यातून ऐकू येत होतं. आमच्यापैकी एकानेही टोपी काढली नाही. मग ठोकळा पत्र्याला टेकल्याचा आवाज आला.

"तयार," बेरिल म्हणाली, आणि क्लेमने सातवा रिव्हेट ठोकला.