तीन सारख्या बरण्या

खेळाडूंच्या वसतिगृहात काकूंचा शब्द प्रशिक्षकांपेक्षा जड, कारण जेवण काकूंच्या हातात. इथे येण्याआधी बावीस वर्षं त्यांनी रुग्णालयात पथ्याची ताटं भरली होती. टापटिपीचं वेड तिथूनच जडलेलं. फळीवरचे खेळाडूंच्या ताकदीच्या पावडरचे भडक डबे त्यांच्या डोळ्यांत सलत. एका सोमवारी त्यांनी तिन्ही डब्यांतली पावडर सारख्या काचेच्या बरण्यांत भरली आणि डबे कचऱ्याच्या गाडीत टाकले.

सराव संपवून लांबडी आली. आठशे मीटर धावणारी. गुरुवारी तिची निवड शर्यत होती आणि संघात जागा पहिल्या दोघींनाच.

"काकू, यातली माझी कुठली?"

"काय माहीत? तिन्ही पांढऱ्याच."

लांबडीने बरण्या दूर सारल्या. "एक त्या ठोंब्याची आहे. तो कुठूनही काय वाटेल ते उचलून आणतो. तपासणीत बंदी असलेलं काही निघालं तर माझी दोन वर्षं गेली. 'काकूंनी डबे बदलले' हे कोण ऐकून घेणार?"

वजनं उचलणारा ठोंब्या दारातच उभा होता. "माझी पावडर चांगली आहे."

"डब्यावर काय लिहिलं होतं?" काकूंनी विचारलं.

"घोड्याचं चित्र होतं."

काकूंनी तिन्ही बरण्या मोरीत ओतल्या. ठोंब्याने तोंड फिरवलं.

"चूक माझी," काकू लांबडीला म्हणाल्या. "आता सांग, तुझ्या पावडरीत होतं काय?"

"मापभर घेतली की चोवीस ग्रॅम प्रथिनं."

"एवढंच? मला वाटलं, संजीवनी आहे. दोन अंडी, बारा. पेलाभर दूध, आठ. मूठभर शेंगदाणे, पाच. एक ग्रॅम वर, तुला बक्षीस."

"पण पावडर पटकन होते, काकू."

"पटकन शर्यत संपव. न्याहारी सावकाश कर."

तीन दिवस काकूंनी शेंगदाणेसुद्धा काट्यावर मोजून दिले. गुरुवारी दुपारी त्यांच्या हातून डाळ करपली, तरी सगळ्यांनी ती संपवली. चारला फोन वाजला.

"दुसरी आले. मग तपासणीला नेलं. सात दिवसांत काय काय घेतलं, ते अर्जात लिहायचं होतं."

"काय लिहिलंस?"

"रविवारपर्यंतची पावडर, आणि पुढे काही नाही. अंडी लिहावी लागत नाहीत."

काकू खुर्चीत टेकल्या. तीन आठवड्यांनी अहवालही स्वच्छ आला.

लांबडीने पुढच्या महिन्यात नवा डबा आणलाच. प्रवासात अंडी कुठे उकडत बसणार? तो मात्र तिने आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. चोरांची भीती नव्हती, काकूंची होती.