मॅट आली नाही

कोरा चेक माह्या मांडीवर टाकला अन् मंडळाचे अध्यक्ष म्हनले, "कर सही. पाह्यत काय बसली? तुमच्या वस्तीत बँक कोनाले समजते?"

त्यायच्या ओसरीवर बसलेले सारे फिदीफिदी हासले. मी खाली, पायरीवर. पेन घामानं निसटून राह्यला होता.

हायस्कूलच्या पोरीयच्या कबड्डीसाठी गावानं मंडळ काढलं. सोयाबीन निघालं का दर घरातून एक पायली मंडळाले. आमच्या बौद्धवस्तीतून बी. ज्याच्याकडं वावर नाही, थो मजुरीतून देते. माल विकला का पैसा बँकेत. काढाले दोन सह्या लागतात, अध्यक्षाची अन् खजिनदाराची. अध्यक्ष गावातले मोठे वावरवाले. खजिनदार मी. नेमलं तवा वाटलं, बाप्पा, केवढा मान! माही पोरगी बी संघात. जीव लावून काम केलं.

मांगच्या साली कबड्डीची मॅट आनतो म्हनून चेकवर माही सही घेतली. बिल आलं, त्याच्याखाली बी माही सही घेतली, पन मॅट आली नाही. पोरी मुरमावरच खेळून राह्यल्या. माह्या पोरीचे गुडघे सोलले. हळद लावली त म्हने, "आई, मॅट कवा येईल वं?"

म्हनून त्या दिवशी पायरीवरून इचारलं. "मांगच्या सालची मॅट कुठं हाय, भाऊ?"

अध्यक्ष हासले नाहीत. हळूच म्हनले, "तुही पोरगी संघात राह्यली पाह्यजे ना?"

अन् तवाच समजलं. शिकलेली म्हनून नाही नेमलं मले. भेते म्हनून नेमलं. उद्या कोनी धरलं त सही माही, चोर बी मीच. मान म्हने! डोंबलाचा मान.

"रकम लिहा. कोनाले द्याची थे लिहा. मंग सही." चेक पायरीवर ठेवला अन् निघाली. मागून शिव्या आल्या. वस्ती येईपर्यंत मागं पाह्याची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी पोरीचं नाव संघातून कटलं. थे रडली. मी बी रडली. अजून दारात मोटारसायकल थांबली का आतून कडी लावून घेते.

मले काढलं नाही अजून, बँकेत सही माहीच लागते. अन् सव्वीस जानेवारीले शाळेच्या माइकवर देणगीदारायची नावं खजिनदारानंच वाचाची रीत हाय. यंदा नावं वाचीन. मंग मॅटचं बिल वाचीन, खालची माही सही बी वाचीन. माइक बंद केला त ओरडून वाचीन.

पाय कापतील. कापू दे.