आमचं घर शेड ठरलं

पणजीत एका दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. ड्रोनने आकाशातून काढलेले गावांचे फोटो पडद्यावर यायचे. घर, शेड, झाड, गाडी, जे दिसेल त्याभोवती चौकट ओढायची आणि तिला नाव द्यायचं. अशा भरपूर चौकटी दाखवल्या की कॉम्प्युटर स्वतःच घरं ओळखायला शिकतो, असं साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. काम कंटाळवाणं, पण पंख्याखालचं. मी लाटंबार्शाहून डिचोलीमार्गे बसने यायची.

एका सकाळी समोर आमचंच गाव उघडलं. अंगणात आईची हिरवी साडी वाळत होती, म्हणून घर लगेच कळलं. मी जरा जास्तच निगुतीने चौकट ओढली आणि 'घर' असं नाव दिलं.

दुपारी तपासणीतून ते परत आलं. चूक, 'शेड' हवं. फणसाची फांदी पडून आमची अर्धी कौलं गेली होती. तिथे भावाने जुने पत्रे टाकून वर निळं प्लास्टिक घातलं होतं. मी साहेबांकडे गेले.

"सर, हे घर आहे."

"पत्रा किंवा प्लास्टिक दिसलं की शेड. नियम ठाऊक आहे ना?"

"पण इथे आम्ही राहतो, सर."

ते हसले. वाईट हेतूने नव्हे. "तू राहतेस ते वरून कसं दिसणार?" म्हणत त्यांनी माझा माऊस घेतला आणि नाव बदललं.

शेजारी बेळगावकडची मुलगी बसायची. तिचे वडील तुये गावच्या कारखान्यात कामाला होते, घरचे सगळे तिथेच कामगारांच्या खोल्यांत राहायचे. पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "तुझं निदान अर्धं कौलारू आहे. आमच्या खोल्यांची अख्खी ओळ मीच शेड म्हणून टाकली. आईला नाही सांगितलं."

मी मात्र संध्याकाळी घरी सांगितलं. आई चहात उंडो पाव बुडवत होती. तिने तो बशीत ठेवला.

"शेडीत गुरां रवतत. आमी काय गुरां?"

भाऊ हसला. सकाळी आईने त्याला छपरावर चढवलं आणि प्लास्टिक काढायला लावलं. ते निघालं की वरून घर दिसेल, असं तिला वाटत होतं.

"पाऊस तोंडावर आलाय, आई. गळेल."

"गळू दे."

"अगो, फोटो कधीचा काढून झाला," मी म्हटलं. तिने ऐकलं नाही. सगळा पावसाळा स्वयंपाकघर गळत राहिलं.

दिवाळीनंतर काम देणारे लोक ऑफिसात आले. साहेबांनी नवे फोटो लावले, त्यांत आमचं गावही होतं. कॉम्प्युटरने भराभर चौकटी ओढल्या. आमच्या उघड्या पत्र्यांवर क्षणात 'शेड' उमटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही मुलींनीही वाजवल्या.

पुढच्या आठवड्यात आम्हाला सांगितलं, आता यायची गरज नाही.

आई म्हणाली, "बरां झालां." मला बरं वाटलं नाही. त्या कामाचा राग होताच, ते हातचं गेल्याचाही आला. दोन्हींतला कुठला मोठा, ते मला अजून कळत नाही.