मुद्दाम चुकवलेली उत्तरं

"वाच की. का मुकी झालीस?"

"दोनदा वाचलं, रॉन. आत्ताच."

"मग तिसऱ्यांदा वाच. फुकाटचं हाय."

अर्नेस्टीननं चष्मा पुसला. सकाळचे सात वाजले होते. भाऊ माशांना दाणा टाकायच्या ट्रकच्या पायरीवर बसून तिनं आणलेला मक्याचा पाव खात होता, आणि समोर मिशाळ माशांची तळी पार कापसाच्या रानापर्यंत पसरली होती. मिसिसिपीच्या त्या सपाट मुलखात पोरगा झाला की बाप आधी त्याचे पाय बघतो. लांब निघाले तर फुटबॉल, हातात चेंडू घेऊन पळायचा तो, नाहीतर तळी. रॉन्झेल गॅदिंग्जला दोन्ही मिळालं. आधी फुटबॉल, मग तळी.

पत्र फुटबॉलच्या लीगच्या कचेरीतून आलं होतं. दोन महिन्यांमागं त्यांच्या डॉक्टरांनी त्याचं डोकं तपासलं होतं. खेळापायी डोकं गेलं असं त्यांनी मान्य केलं असतं, तर औषधपाणी आणि घरी सांभाळायला माणूस त्यांच्याकडून मिळणार होता. शाळेच्या स्वयंपाकघरात राबून त्याला राखणं एकट्या अर्नेस्टीनच्यानं होत नव्हतं. दोनदा तो घराची वाट चुकून नदीच्या बांधावर सापडला होता. वय वर्षं एकेचाळीस.

तिनं तिसऱ्यांदा वाचलं. आताच्या चाचणीचे गुण आणि बाविसाव्या वर्षीच्या चाचणीचे गुण यांत फरक नाही. सबब खेळामुळं बिघाड झाल्याचं दिसत नाही.

"म्हंजी तू जल्माचाच येडा, असं त्यांचं म्हननं," ती म्हणाली. "रविवारच्या शाळंत बायबलातलं समदं राजं वळीनं म्हनून दाखवायचास, त्यो तू."

रॉन्झेल हसला. बोटांना लागलेलं लोणी त्यानं विजारीला पुसलं. ती बोटंही सरळ नव्हती. चार तर चार दिशांना गेलेली.

रिसीव्हरचं काम म्हणजे पुढं पळायचं आणि मागून आलेला चेंडू झेलायचा. नावाजलेले गडी कडेकडेनं पळतात. तिथं फार तर ढकलून रेषेबाहेर काढतात. मैदानाच्या मधून आडवं पळणं उरतं ते ज्याला दुसरं कुणी विचारत नाही त्याच्याकडं. नजर चेंडूवर, हात वर, बरगड्या उघड्या, आणि अंगावर येणारा रेडा दिसतच नाही. रॉन्झेलला कॉलेजातून कुणी निवडलं नव्हतं. मागच्या दारानं शिरला, आणि हे काम त्यानं स्वतः मागून घेतलं. सहा वर्षं, चार संघ. नऊ वेळा हाकलला, आठ वेळा परत बोलावला. झेल एकतीस, आणि चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली ती, म्हणजे टचडाउन, एकदा. गावातल्या न्हाव्याच्या दुकानात त्या एकाचा फोटो अजून आहे.

पहिल्याच उन्हाळ्यात सगळ्यांना संगणकासमोर बसवलं. शब्द लक्षात ठेवा, आकृत्या ओळखा. पुढं डोक्याला मार बसला की हीच चाचणी परत घ्यायची, आणि गुण उतरले तर गड्याला बाहेर बसवायचं. बुशरॉड नावाचा जुना रिसीव्हर त्याच्या कानाशी लागला होता. आज शहाणपण पाजळू नकोस, म्हणाला, आज जेवढा ढ दिसशील तेवढं पुढं सुख. बाहेर बसलास तर तुझ्या जागेवर दुसरा उभा राहतो आणि जागा काही परत मिळत नाही.

त्यानं सांगितलं तसंच रॉन्झेलनं केलं. पंधरा शब्द तोंडपाठ असताना सहा लिहिले. नंतर सामन्यात डोक्याला मार बसला की डोळ्यांपुढं अंधारी यायची, आपण कोणत्या गावात खेळतोय तेही कळायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी चाचणीत गुण जुळायचे. पठ्ठ्या जसाच्या तसा आहे, असं डॉक्टर म्हणायचे. त्याला त्याची ऐटच वाटायची.

हे त्यानं तिला आता, पाव खाता खाता सांगितलं. न्याहारीला काय खाल्लं ते त्याला दुपारपर्यंत आठवत नाही. पण हे कुणाला सांगितलेलं नाही, हे बरोबर ध्यानात होतं.

अर्नेस्टीननं पत्रावरचा कचेरीचा पत्ता बोटानं शोधला. मग म्हणाली, "तर मग कळवू त्यांस्नी. मुद्दाम चुकलो म्हनून."

"त्या चाचणीखाली सही हाय माझी. मनापासनं उत्तरं दिली म्हनून. तवा खोटं बोललो म्हनालो, तर आज खरं कशावरनं, म्हनतील."

"त्यो बुशरॉड सांगंल की."

"त्याला फोन केलता गेल्या साली. माझं नाव सांगितलं, तर मलाच इचारतोय, त्यो कोन?"

तिनं पत्राची घडी केली आणि पिशवीत टाकली. शाळेची वेळ झाली होती. जाताना एवढंच म्हणाली, की संध्याकाळी मी येईस्तोवर फाटकाबाहेर पाय टाकू नको.

रॉन्झेल ट्रकमध्ये चढला. दाणा टाकून झाला की त्या तळ्याच्या खुंटाला लाल चिंधी बांधायची, ही रीत तिनंच लावून दिली होती. त्याआधी, वसंतात, चौथ्या तळ्याला त्यानं दोनदा दाणा टाकला. पाणी नासलं, आणि मासे पोट वर करून तरंगले. मालकानं तेवढ्या खेपेला पोटात घातलं होतं.

सातव्या तळ्यापाशी त्यानं ट्रक थांबवला. खुंटाला चिंधी नव्हती. टाकायचंय, की टाकून बांधायचं राहिलं? पाण्यात मासे तोंडं वर करून वळवळत होते; पण ते खाल्ल्यावरही तसंच करतात. तो खाली उतरला, काठावर दाण्याचा चुरा दिसतो का ते वाकून पाहिलं, आणि मग ट्रकचा दाणा उडवणारा पंखा चालू केला.