खिळा नसलेली खिडकी
सागवानावर रंधा फिरल्याचा वास आला की सोलापूरच्या नवी पेठेतल्या सासरची पन्नासेक वर्षांपूर्वीची एक दुपार आठवते. जुन्या सागवानी खिडक्या काढून लोखंडी बसवायचं सासऱ्यांनी ठरवलं होतं. म्हाताऱ्या सुतारानं पहार लावलीच नाही. चौकटीतल्या लाकडी खुंट्या त्यानं हलकेच ठोकून काढल्या आणि अख्खी खिडकी सुटी होऊन त्याच्या हातात आली. “मालक, ह्यात एक बी खिळा न्हाय की!” म्हणत त्यानं लाकडाला हात जोडले. कुणाचंच न ऐकणारे सासरे जमिनीवर बसून सांधे चाचपत राहिले. मग त्यांनी हळूच विचारलं, “परत बसंल का रं?” “व्हय. पन असली नवी घडवायला मला न्हाय जमायचं.” संध्याकाळपर्यंत खिडकी जागेवर गेली. आज मी सासऱ्यांच्या वयाची झाले, तरी ती उघडताना माझा हात आपोआप हळू होतो.