करंगळीएवढी धार

नळाला पाणी यायच्या वेळेला रखमीशी कुणी बोलायचं नाही, हे आमच्या पाड्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अंगणातल्या नळाखाली हंडा लावून ती उकिडवी बसायची. नळ सोडला की पहिलं पाणी असं जोरात यायचं, की हंडा दणाणायचा. तिचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच धार बारीक व्हायची. आधी करंगळीएवढी, मग त्याहून बारीक. हंडा अर्धा होईपर्यंत पाणी जायची वेळ व्हायची.

"बघितलंस?" ती मला म्हणायची. "मी नळ सोडला का तो तिकडं वॉल पिळतो. नजर ठेवून हाय माझ्यावर."

तो म्हणजे जिवा, तिचा सख्खा धाकटा दीर. टेकडीवरच्या टाकीचं पाणी सकाळ-संध्याकाळ तोच सोडतो. टाकीची प्लास्टिकची नळी आधी त्याच्या घराशी येते आणि तिथून खाली रखमीकडे. त्याच्या घरामागे एक वॉल आहे, तो पिळला की रखमीचं पाणी बंद. त्यात यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला बांधावरच्या मोहाची फुलं कुणी वेचायची, यावरून जिवाची बायको नवशी आणि रखमी कडाकडा भांडल्या होत्या. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. धार बारीक झाली तीही त्याच सुमारास. मग रखमीला आणखी पुरावा कशाला हवा होता?

मी अंगणवाडी चालवते, त्यामुळे सगळ्यांच्या चुलीपर्यंत मला जावंच लागतं. मी वैतागून म्हणायचे, "अगं, तो भिंतीतून बघतो होय तुझा नळ?" पण रखमीच्या डोक्यात एकदा काही शिरलं, की ते पहारीनेही निघत नाही.

तिला झोप लागत नव्हती ती मात्र करिष्मामुळे. करिष्मा तिची सून, तिला आठवा लागलेला. मुलगा उमेश वसईकडे इमारतींच्या कामाला. नळाला पाणी नाही म्हणजे विहीर, आणि विहीर खाली ओहळात, घसरड्या कातळावरून उतरून. रखमीचं पहिलं मूल त्याच कातळावर गेलं. सातवा महिना होता, डोक्यावर भरला हंडा होता, पाय सटकला. उमेश झाला तो पुढे बऱ्याच वर्षांनी. त्या दिवसाबद्दल रखमी कुणाशी एक शब्द बोलत नाही. मलासुद्धा ते आईकडून कळलं.

त्यामुळे सून पोटुशी आहे म्हटल्यापासून ही तिला डोळ्यांत तेल घालून जपायची. यंदा तिने राबही ओहळापलीकडून हलवून घराच्या मागे आणला. भाताचं रोप टाकायच्या जागेवर आम्ही शेण, टाळ्या म्हणजे तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा रचून भाजतो, तो राब. लावणीच्या वेळी मूल तान्हं असेल, तेव्हा सुनेला रोपांसाठी लांब जायला नको, असा तिचा विचार. मी तेव्हा तिचं कौतुक केलं होतं.

पाणी आटल्यावर तिने करिष्माला दोन गोष्टींची बंदी घातली. विहिरीकडे पाऊल टाकायचं नाही आणि नवशीच्या दारात जायचं नाही. मग पोरीने पाणी आणायचं कुठून, हे काही सांगितलं नाही. स्वतः दुखऱ्या गुडघ्यांनी पहाटे विहिरीवर जायची, मग मजुरीला. आणि संध्याकाळी घरी येऊन बघावं तर दोन्ही हंडे भरलेले.

"कुठून आलं गं पानी?"

"नळाला आलं, आत्या. थोडं थोडं," करिष्मा म्हणायची. सासूला ती आत्या म्हणते.

रखमीला ते पटायचं नाही. ती जेवताना सुनेचे पाय निरखायची, टाचेला ओहळाचा चिखल दिसतो का म्हणून. "पोरगी मला फसवते गं," ती माझ्याजवळ रडायची. "तिथंच जाते. एक दिवस तसंच व्हईल."

मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी संध्याकाळी, पाणी सुटायच्या वेळेला, रखमी मीठ आणि सुकट घेऊन जीपने परत आली, तर घर उघडं. करिष्मा नाही. हंडाही नाही. पिशवी दारातच टाकून ती ओहळाकडे पळत सुटली. मी तिच्या मागे. गुडघ्यांची तक्रार करणारी ती बाई कातळावरून उतरली कशी, हे मला आजही कळत नाही. विहिरीवर कुणीच नव्हतं. ती काठावर ओणवी होऊन आत बघत राहिली. मी तिचा दंड धरून तिला मागे ओढली. खरं सांगते, त्या वेळी मीही घाबरले होते.

वर येऊन करिष्माला शोधत नवशीच्या घराशी आलो आणि रखमी थबकली. करिष्मा ओट्यावर पाय पसरून मीठ लावलेली कैरी खात बसली होती. नवशीचा नळ धो धो वाहत होता आणि नवशी करिष्माचा हंडा भरत होती.

जीव वाचल्याचा आनंद रखमीच्या तोंडून रागच होऊन बाहेर पडला. "माझंच पानी चोरतेस आन् माझ्याच सुनेला वाढतेस?"

आरडाओरडा ऐकून जिवा आतून आला. एरवी तो गरीब माणूस, पण त्या दिवशी त्याचंही डोकं फिरलं. "चल वयनी. तुझ्या अंगनात चल. मी तिथं हुभा राहतो, तू नळ सोड."

आम्ही सगळेच खाली गेलो. जिवा दोन्ही हात वर करून नळाशेजारी उभा राहिला. रखमीने नळ सोडला. पाणी आधी उसळून आलं, मग धार बारीक होत करंगळीएवढी झाली.

"आता बोल," जिवा म्हणाला. "वॉल कोन पिळतंय?"

 आणि त्याने वाकून धारेखाली हात धरला. मग म्हणाला, "नळ बंद असला का नळी गच्च भरून राहते. पयला जोर तेवढाच. मंग धार मरते, म्हंजी नळी मधीच कुठंतरी दबलीय."

त्याच्या वॉलपासून आम्ही नळीचा माग काढत खाली निघालो. कुठे ओल नव्हती, कुठे फुटलेलं नव्हतं. रखमीच्या घरामागे आलो आणि जिवा थांबला. समोर राबाची काळी जागा होती. तिथे खाली कातळ, म्हणून नळी जेमतेम चार बोटं मातीखाली पुरलेली. त्याने कुदळीने राख आणि माती ओढली. नळी राबाच्या धगीने मऊ होऊन बसली होती, वाळलेल्या वालाच्या शेंगेसारखी चपटी. एक भोकसुद्धा पडलं नव्हतं.

 माझ्या जिभेवर चांगले चार शब्द आले होते, पण रखमीचं तोंड बघून गिळले. ती राखेतच बसली.

नवशीकडे न बघता ती म्हणाली, "मी तुला नाय नाय ते बोलले. तरी तू पानी का दिलंस?"

"करिष्माला मीच सांगितलं व्हतं, विहिरीवर जायचं नाय, माझ्याकडं यायचं," नवशी म्हणाली. "हंडाही मीच पोचवायची तुझ्या दारात. बाई, तवा मी नवी नवरी व्हते. त्या कातळावरनं तुला पाठीवर घेऊन मीच वर आनली. परत एकदा तसं उचलायचं बळ माझ्यात नाय."

रखमीने तोंडाला पदर लावला आणि ती मोठ्याने रडली. इतक्या वर्षांत त्या मुलासाठी ती रडलेली मी पहिल्यांदा ऐकली.

जिवाने दुसऱ्या दिवशी तेवढा तुकडा कापून टाकला आणि नवी नळी राबाच्या कडेने फिरवून जोडली. संध्याकाळी पाणी सुटलं. धार बारीक व्हायची वाट बघत आम्ही उभे होतो, पण ती झाली नाही. पहिला हंडा भरल्यावर रखमीने तो कमरेवर घेतला आणि चढ चढून नवशीच्या दारात नेऊन ठेवला. नवशीचा नळ तेव्हाही धो धो वाहत होता. तिने तो बंद केला आणि रखमीचा हंडा आत घेतला.